चारापासून दहापर्यंत

धाकट्या सुनेची दुपारी बाराची तपासणी करून सिस्टर बाहेर आल्या. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलंय, दहा व्हायला हवंय, एवढंच सांगून त्या पुढच्या खोलीत शिरल्या आणि मास्तरांनी शर्टाच्या खिशातून खडू काढला. शिवणकामाच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या खिशात खडू असायचाच. बाकाच्या काळ्या रेक्झिनवर त्यांनी आठ लिहून पुढे तीन लिहिले, खाली बारा लिहून पुढे चार लिहिले, आणि दोन पावलं मागे जाऊन, बाह्या सारख्या आल्यात की नाही ते बघावं तसं त्या आकड्यांकडे पाहिलं.

"सकाळी आठला तीन, बाराला चार," ते म्हणाले. "चार तासांत एक. राहिले सहा. सहा चोक चोवीस. उद्या दुपारी बारा."

मास्तरांच्या अंदाजावर बोलायची त्या घरात रीतच नव्हती. त्यांची बायकोही त्यांना मास्तरच म्हणायची. पहिल्या तासाचं काम बघायचं आणि शेवटचं बटण कधी लागेल ते सांगायचं, ही त्यांची विद्या. तीनशे गणवेश असोत की एकच कोट, सांगितलेली वेळ कधी चुकली नव्हती. थोरली सून लग्नानंतर पहिली गोष्ट शिकली ती हीच, की या घरात घड्याळापेक्षा मास्तरांना विचारायचं.

सिस्टर पुढच्या खोलीतून परत येताना बाकाजवळ थबकल्या आणि आकडे बघून हसल्या. असं नसतं हो ते, चारापर्यंत रखडतं आणि मग कधी पळत सुटेल ते सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान डोलावली. कापड आटणार नाही म्हणून छातीठोक सांगणाऱ्या दुकानदारापुढे ते अशीच मान डोलवायचे. सिस्टर गेल्यावर हळूच म्हणाले की त्या बोटांनी माप घेतात, टेपने नाही, आणि बोटांनी माप घेणाऱ्याला आपण कधी कामावर ठेवलं नसतं.

मग त्यांनी पाळ्या लावल्या. धाकट्याने, म्हणजे जो बाप होणार होता त्याने, गावाबाहेरच्या हॉटेलचे एकशे चाळीस एप्रन पोचवून यावं. थोरला मापं घ्यायला परगावी गेलेला, त्यामुळे गाडी चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. सासूबाईंनी आणि विहीणबाईंनी, म्हणजे धाकटीच्या आईने, घरी जाऊन आंघोळ करून झोप काढावी. मास्तर स्वतः दुकानात उरलेलं काम घेऊन मशीनवर बसणार. संध्याकाळी सहाला सगळे पुन्हा हजर.

धाकटा दारातच घुटमळत होता. पण आतून धाकटीनेच त्याला सांगितलं की जा, उद्यापर्यंत इथे बसून तरी काय करणार. तिला तेव्हा दर पाच मिनिटांनी कळ येत होती आणि मधल्या वेळात ती चांगली बोलत होती, चहासुद्धा प्यायली होती. पहाटे तीनपासून तिचं असंच चाललं होतं.

खरी अडचण विहीणबाईंची होती. हॉस्पिटलचा नियम असा की प्रसूतीच्या खोलीत घरचं एकच माणूस. धाकटीने फॉर्मवर आपल्या आईचं नाव लिहिलं होतं, त्यामुळे सकाळपासून सासूबाई बाकाच्या एका टोकाला आणि आतून बाहेर आल्या की विहीणबाई दुसऱ्या टोकाला बसत होत्या आणि मधली जागा थर्मासने धरली होती. विहीणबाईंनी आयुष्य पोस्टाच्या खिडकीत काढलेलं, बोलणं तुटक आणि शिक्का मारल्यासारखं. त्यांनी मास्तरांना दोनदा विचारलं, "उद्या बारा. नक्की?" मास्तर म्हणाले, नक्की. काही हललं तर दुकानात फोन येईल, दुकानामागेच घर आहे, उठवतो. तेव्हा कुठे त्या उठल्या.

राहिली थोरली. दुकानात तिच्याकडे कटिंग होतं, आणि एप्रनचं कटिंग चार दिवसांपूर्वीच संपलेलं. हात रिकामे असलेली ती एकटीच. तिला बजावून सांगितलं गेलं की तिने फक्त बाकावर बसायचं, पिशवी आणि फाइल सांभाळायची, औषध आणायला सांगितलं तर आणायचं. आत जायचं नाही, हे कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती. सकाळी थर्मास विसळताना बाथरूमच्या अर्धवट दारातून तिने धाकटीला आपल्या आईशी बोलताना ऐकलं होतं. "बाकी कुणीही चालेल, पण ताई आत नकोत."

ताई म्हणजे थोरलीच.

यात धाकटीची चूक होती असंही तिला म्हणता येईना. तीन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात थोरलीचं गेलं होतं. त्या बाळासाठी तिने तान्ह्याच्या कपड्यांचे नमुने खाकी कागदावर कापून ठेवले होते, सगळ्यात वरच्या फळीवर, गुंडाळी करून. गेल्या हिवाळ्यात धाकटीने ती फळी आवरली आणि रद्दी समजून त्या कागदातून एप्रनच्या खिशांचे नमुने कापले. तिला बिचारीला माहीत नव्हतं. थोरलीने खिशाचा नमुना उलटा केला आणि मागे आपल्याच अक्षरात 'डावी बाही' वाचलं, तेव्हा ती गप्प बसली. त्याच आठवड्यात जेवताना धाकटीने बातमी सांगितली आणि थोरलीच्या तोंडून गेलं, "तुझं तरी नीट होऊ दे, म्हणजे झालं."

वाक्य वाईट नव्हतं. आवाज वाईट होता. टेबलावरचे सगळे हात थांबले. तेव्हापासून आठ महिने दोघींचं बोलणं कामापुरतं: कात्री द्या, इस्त्री तापली का, गिऱ्हाईक आलंय. आणि या आठ महिन्यांत थोरलीने स्वतःला शंभरदा विचारलं की आपण ते कुठल्या मनाने म्हणालो. आशीर्वाद होता की जळफळाट? कधी वाटायचं हे, कधी ते. आज काही बरंवाईट झालं तर घरातल्या प्रत्येकाला ते जेवण आठवेल, एवढं मात्र तिला पक्कं माहीत होतं.

दीड वाजला तेव्हा तिचा डोळा लागला होता. खोलीतून फडकं पिळावं तसा आवाज आला आणि पाठोपाठ धाकटीचं घाबरं बोलणं. थोरली उठली, दारापर्यंत गेली, थांबली, परत बाकावर आली. दोन मिनिटांनी सिस्टर ओली चादर घेऊन बाहेर पडल्या. तिचा चेहरा बघून म्हणाल्या, पाणी गेलंय, चांगलं स्वच्छ आहे, काळजीचं काही नाही. थोरलीला यातलं काहीच कळलं नाही. पाणी जाणं चांगलं की वाईट? तिचं गेलं तेव्हाही आधी पाणीच गेलं होतं.

त्यानंतर आवाज बदलला. आधी धाकटी कळ आली की कण्हत होती, आता ती खालच्या पट्टीत, कुणीतरी दुसरीच बाई असल्यासारखी ओरडत होती. थोरली भिंतीवरच्या घड्याळात बघायला लागली. तीन मिनिटं. मग अडीच. मग दोन कळांच्या मध्ये अंतर आहे की नाही तेच कळेना. मास्तरांच्या गणिताप्रमाणे आत्ता साडेचार सेंटिमीटरसुद्धा व्हायला नको होते.

अडीचला सिस्टर बाहेर आल्या. "सात. आई कुठे आहेत? आत बोलवा."

थोरलीने दुकानात फोन लावला. मागे मशीनची घरघर. तिने सात झाल्याचं सांगितलं तेव्हा मास्तर क्षणभर थांबले आणि म्हणाले की होणार नाही, अडीच तासांत तीन कसे होतील, सिस्टर बदलली असेल, दुसरीची बोटं जाड असतील. विहीणबाईंना उठवा, असं ती दोनदा म्हणाली. त्यांचा आत्ता कुठे डोळा लागलाय, ब्लडप्रेशरची बाई आहे, पुढच्या तपासणीचं सांग, मग बघू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग तिने धाकट्याला लावला. तो हॉटेलच्या मागच्या दारात एप्रन मोजून देत होता. तो म्हणाला, "पण मास्तर तर उद्या म्हणाले होते ना, वहिनी?" आणि त्याच्या आवाजात इतकी सरळ श्रद्धा होती की तिला आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं असं वाटायला लागलं. तरी तिने त्याला ये म्हणून सांगितलं. मोजणी आटपून पोचायला तीन तास लागतील, तो म्हणाला.

सिस्टर दारातच उभ्या होत्या. "येताहेत का?"

"येतील," थोरली म्हणाली.

"मग तोवर तुम्ही या. एकटीला ठेवू नका आता."

थोरली जागची हलली नाही. आपण आत गेलेलं तिला चालणार नाही, हे सिस्टरना कसं सांगायचं? आणि नाही गेलं तर? आठ महिन्यांपूर्वीचं ते एक वाक्य आणि आज बाहेर बसून राहिलेली ती, दोन्ही जोडून बघायला कुणाला वेळ लागला नसता. आत गेली आणि बिघडलं तर तेच. दोन्हीकडून ती अडकली होती. आतून धाकटीने आईला हाक मारली, आणि थोरलीने विचार संपायच्या आधीच चपला दाराशी काढल्या.

धाकटी पलंगावर गुडघे टेकून, वर केलेल्या उशाकडच्या भागाला मिठी मारून होती. अंग थडथड उडत होतं, खोलीत उकडत असूनही. तिने मान वळवली, थोरलीला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून थोरली परत फिरणार होती. पण तेवढ्यात धाकटीला उलटी आली. थोरलीने समोर ठेवलेलं पातेलं धरलं, मग तोंड पुसलं. ही कामं कुणीही केली तरी सारखीच असतात.

"तुम्ही बाहेर जा," धाकटी म्हणाली आणि थोरलीचं मनगट धरलं. पुढची कळ आली तशी पकड इतकी आवळली की बांगडी हाडावर रुतली. कळ ओसरली. "जा ना. मला घरी जायचंय. मला नकोय हे, उद्या करू." मनगट सुटलं नव्हतं.

थोरलीने सिस्टरकडे पाहिलं. तोंडाचं ऐकायचं की हाताचं? सिस्टर हातमोजे चढवत होत्या. शांतपणे म्हणाल्या की हा सगळ्यात अवघड टप्पा आणि सगळ्यात छोटा, सातापासून दहापर्यंतचा. यात बायका घरी निघतात, नवऱ्याला शिव्या घालतात, मी मरतेय म्हणतात. कापरं, उलटी, सगळं यातच. हे झालं की जोर करायचा.

"मी मरतेय," धाकटी म्हणाली.

"नाही मरत," सिस्टर म्हणाल्या. "नऊ झालेत."

मधली एक कळ नुसतीच हुलकावणी देऊन गेली. त्या शांततेत धाकटीने थोरलीकडे न बघता, उशीत तोंड खुपसून म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होतात."

काय, ते विचारायची गरज नव्हती. आठ महिने थोरलीने या प्रश्नाची उत्तरं तयार करून ठेवली होती, चांगली शिवलेली, अस्तर लावलेली. त्यातलं एकही तिला आठवेना.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "कुठल्या मनाने म्हणाले ते मलाही अजून कळलेलं नाही. माझे कागद तू कापलेस म्हणून मी चिडले होते. ते कागद माझ्या बाळाचे होते, आणि तुला ते माहीत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी चिडले होते."

धाकटीने डोकं वर केलं. तिने काही म्हणायला तोंड उघडलं आणि कळेने तिला अर्ध्यातच उचललं. ती काय म्हणणार होती ते थोरलीला कळलं नाही. सिस्टरनी बघितलं आणि दहा म्हणाल्या. तेव्हा चार वाजले होते. कॉरिडॉरच्या बाकावर मास्तरांचा खडू अजून उद्या दुपारची वाट बघत होता.

आता सगळं उतारावर लागेल असं थोरलीला वाटलं होतं, पण पुढची दहा मिनिटं काहीच झालं नाही. धाकटी कुशीवर वळून चक्क डोळे मिटून पडली. थोरली घाबरली. कळा थांबल्या, म्हणजे अडलं का? सिस्टर म्हणाल्या, अंग विसावा घेतंय, घेऊ द्या. मग धाकटीने एकाएकी डोळे उघडले आणि खाली काहीतरी दाबतंय, मला रोखता येत नाही असं म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. घाबरलेली बाई गेली होती आणि एखादं जड कपाट सरकवायला उभी राहिलेली बाई तिथे आली होती.

मग जोर. हनुवटी खाली, श्वास धरून, सिस्टर सांगतील तेव्हा. थोरलीने तिचा गुडघा छातीशी धरून ठेवला. कळेच्या शिखरावर तिला काळ्या केसांचं नाण्याएवढं वर्तुळ दिसलं. कळ संपली आणि वर्तुळ आत गेलं.

"परत गेलं," थोरलीच्या तोंडून निघालं. बोलू नये ते आपण पुन्हा बोललो.

"जाणारच," सिस्टर म्हणाल्या. "दोन पावलं पुढे, एक मागे. जागा करत येतं ते."

सात-आठदा ते आलं आणि गेलं. दर वेळी थोरली मनात म्हणायची, आता राहा, आणि दर वेळी ते थोडंसं जास्त राहायचं. मग एकदा ते आत गेलं नाही. सिस्टर आता जोर नको म्हणाल्या, नुसती फुंकर मारायला सांगितली. धाकटीला ते ऐकूच येईना, तेव्हा थोरलीने आपलं तोंड तिच्या तोंडापाशी नेलं आणि स्वतः फुंकर मारायला लागली, गरम दुधावर मारतात तशी. धाकटीने तिच्या डोळ्यांत बघत तशीच मारली. डोकं आलं. एक खांदा आला. मग बाकीचं सगळं एकदम, ओलं, निळसर, आणि गप्प.

ते गप्प असणं किती वेळ चाललं ते थोरलीला कधीच सांगता आलं नाही. सिस्टरनी टॉवेलने त्याची पाठ खसाखसा पुसली. थोरलीच्या मनात त्या क्षणी एकच गोष्ट होती आणि तिच्यात कसलाही गोंधळ नव्हता: हे जगू दे, बाकी माझं काहीही होवो. मग ते रडलं. मुलगी होती. चार वाजून पंचेचाळीस मिनिटं.

मुलीला आईच्या छातीवर ठेवलं. धाकटी हसत होती आणि रडत होती. थोरली भिंतीला टेकली, संपलं म्हणून. पाच मिनिटांत धाकटीचा चेहरा पुन्हा पिळवटला आणि ती पुन्हा कळ येतेय म्हणाली. थोरली भिंतीपासून सरळ झाली. अजून एक आहे? की काही तुटलं? सिस्टरना हसू आवरेना. वार पडायची राहिलीय, त्या म्हणाल्या, त्याशिवाय बाळंतपण पुरं होत नाही. नाळ थोडी लांब झाली, थोडं रक्त आलं, आणि एका हलक्या जोरात वार बाहेर पडली. सिस्टरनी ती ट्रेमध्ये पसरली आणि सगळ्या बाजूंनी निरखली, तुकडा आत राहिला नाही ना म्हणून. हे मात्र थोरलीला न सांगता कळलं. कापड कापून झाल्यावर ती स्वतः असेच तुकडे मांडून बघायची. पूर्ण आहे, सिस्टर म्हणाल्या, आणि थोरलीला आता कुठे नीट श्वास घेता आला.

पावणेपाचनंतर सिस्टरनीच दुकानात फोन केला होता. सव्वापाचला दार उघडलं आणि आधी विहीणबाई आल्या, केस ओले, ब्लाउजचं एक हूक वरखाली लागलेलं. मागे सासूबाई. त्यांच्या मागे मास्तर, शर्टावर दोऱ्याचे तुकडे तसेच. एकच माणूस हा नियम सांगायला सिस्टर पुढे झाल्या आणि त्यांचे चेहरे बघून बाजूला झाल्या.

विहीणबाई मुलीपाशी गेल्या, नातीचं डोकं हुंगलं, लेकीच्या कपाळावर हात ठेवला. मग वळल्या. तोवर त्यांना थोरली दिसलीच नव्हती.

"तुम्ही होतात आत?"

थोरलीने होकाराची मान हलवली.

"मला का नाही बोलावलं?"

मास्तर घसा खाकरून म्हणाले की अडीचला फोन आला होता, आपणच उठवलं नाही. ते इतक्या हळू म्हणाले की सासूबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्या घराने हा आवाज ऐकला नव्हता. पण विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दोषी कोण ते त्यांचं ठरलं होतं.

"ते मी नंतर बघते," त्या म्हणाल्या. "माझा प्रश्न यांना आहे. ती मला सकाळी काय म्हणाली होती, तुम्हाला माहीत होतं. दाराशी तुम्ही उभ्या होतात, मी पाहिलं. तरी तुम्ही आत गेलात. कुणाला विचारून गेलात?"

सासूबाई, ज्या सकाळपासून विहीणबाईंशी एक शब्द धड बोलल्या नव्हत्या, त्या आता त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. थोरलीला सिस्टरनी या म्हटलं होतं, पण सकाळचं बोलणं त्यांना कुठे माहीत होतं? धाकटीला तिने विचारलं नव्हतं. चपला काढल्या आणि गेले, एवढंच. तिला जा म्हटलं होतं, एकदा नाही, दोनदा, आणि ती गेली नव्हती. मनगटावर बांगडीचा वळ होता, पण मनगट पुढे करून दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं?

"मीच बोलावलं त्यांना," धाकटी म्हणाली.

ती कुणाकडेच बघत नव्हती. मुलीची मूठ आपल्या बोटाने उघडायचा तिचा उद्योग चालला होता.

"तू?" विहीणबाई म्हणाल्या.

"हो. आई, तू नव्हतीस. मी ताईंना हाक मारली, म्हणून त्या आल्या."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. हे धाकटीला असंच आठवत होतं, की ती ठरवून बोलत होती? चेहऱ्यावरून काही कळेना. ती हाक थोरलीने स्वतः ऐकली होती, आणि ती तिला मारलेली नव्हती. हे खोलीत दोघींनाच ठाऊक होतं, कदाचित एकटीलाच. हाक आपल्याला नव्हती, तरी आपणच आत गेलो, हे सगळ्यांसमोर कबूल केलं असतं तर आठ महिन्यांचं ओझं आजच्या आज उतरलं असतं. पण सगळे तिच्या उत्तरासाठी थांबले होते, आणि धाकटीचं बोट मुलीच्या मुठीत अडकून स्थिर झालं होतं.

"हो," थोरली म्हणाली. "दोनदा हाक मारली. पहिली मला ऐकू नाही आली."